'च'चं इंग्रजी

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत. कुठल्या शाळेत तिने कधी शिकवलं नव्हतं. पण लिफ्ट दुरुस्तीच्या त्या कंपनीतून बाहेर जाणारं प्रत्येक इंग्रजी पत्र तिच्या टेबलावर तयार व्हायचं, आणि दुसऱ्या कुणाच्या कागदात चूक दिसली की ती लाल पेनाने गोल करून तो कागद त्याच्याच टेबलावर नेऊन ठेवायची. त्यामुळे हे नाव काही प्रेमाने पडलेलं नव्हतं.

काम असं होतं. मेकॅनिक लोक इमारतींमध्ये जाऊन लिफ्ट तपासत, काय बिघडलंय ते मराठीत चिठ्ठीवर खरडत, आणि मास्तरीण त्या चिठ्ठीचं इंग्रजी पत्र करून इमारतवाल्यांना पाठवी. पहिल्याच आठवड्यात मॅनेजरने तिचं एक पत्र परत आणून टाकलं होतं. त्यात तिने 'मस्ट' लिहिलं होतं.

"हे काय पोलीस स्टेशन आहे?" तो म्हणाला होता. "मस्ट वाचलं की गिऱ्हाईक बिथरतं. शुड लिहा. आणि शुडसुद्धा नुसतं बोडकं नको. सोबत काहीतरी मऊ घाला."

मास्तरीण ते शिकली, आणि अशी शिकली की मॅनेजरही मागे पडला. 'शुड रिअली' म्हणजे बोट रोखून सांगणं आणि 'शुड प्रॉबेबली' म्हणजे तेच बोट हळूच खिशात घालणं, हे तिला कळलं. 'मे'पुढे 'वेल' आलं की शक्यता वाढते, 'माइट'पुढे 'जस्ट' आलं की ती शेवटच्या श्वासाला टेकते. 'विल डेफिनेटली कॉल' म्हणणारा माणूस हमखास फोन करत नाही. एका छोट्या शब्दाने पत्राचा पारा दोन अंश वर नाहीतर चार अंश खाली नेता येतो, याची तिला मनातून मौज वाटायची. घरी कुणाला ती सांगून उपयोग नव्हता.

घरी दीर होता. तो याच कंपनीत मेकॅनिक होता आणि तिची नोकरी त्यानेच लावून दिली होती. हे तो स्वतः कधी बोलून दाखवत नसे. त्याची बायको, म्हणजे मास्तरणीची धाकटी जाऊ, ते काम चोख करायची. दोन भाऊ, दोन संसार, एक सासू आणि एकच गॅलरी. मास्तरणीचा नवरा दोन्ही बाजूंना मान डोलवणारा. भांडण लागलं की तो पेपर उघडायचा, कालचा असला तरी.

दिराला 'च' लावायची सवय होती. चहा गरमच हवा. दार लावलंच पाहिजे. मी सांगितलंच होतं. त्या महिन्यात गॅलरीवरून पेटलं. गॅलरीत मास्तरणीचं टेबल होतं, त्यावर ती सुट्टीच्या दिवशी वाचत बसायची. एका सकाळी ती उठून बघते तो टेबल आत भिंतीला टेकवलेलं, आणि गॅलरीत दिराने लोखंडी पट्ट्या कापताना घट्ट धरायचा शिकंजा बोल्ट मारून बसवलेला.

"भाऊजी, मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

"त्यात विचारायचं काय, वहिनी? गॅलरी आमच्याच खोलीला लागून आहे. आमचीच आहे."

"आईंनी दोघांना दिली आहे."

"तुम्ही वाचायला कुठेही बसू शकता. लोखंड कुठेही कापता येत नाही."

जाऊ आतून हसली. सासू म्हणाली, "सकाळी सकाळी नको." नवऱ्याने पेपर उघडला. त्या दिवसापासून मास्तरीण आणि दीर कामापुरतं बोलू लागले, तेही समोरच्याच्या खांद्याकडे बघून.

दहा दिवसांनी मंगळवारी त्याची चिठ्ठी तिच्या टेबलावर आली. चार मजल्यांची एक ऑफिसची इमारत होती, तिथली. पेन दाबून दाबून लिहिलेलं, मागच्या बाजूने हात फिरवला तर अक्षरं लागावीत असं. 'तिसऱ्या मजल्याचं दार केबिन नसताना उघडतंच. लॉक बदललंच पाहिजे. तोवर लिफ्ट बंदच. कोणी चालू करायचीच नाही. मी बंद करून पाटी लावली आहे.'

मास्तरणीने चिठ्ठी वाचली आणि तिला आधी दिसले ते चार 'च'. चहासुद्धा गरमच लागणारा माणूस, तिला वाटलं. याचं ऐकलं तर गावातली एकही लिफ्ट चालायची नाही. आणि मग तिने नेहमीसारखं, सवयीच्या हाताने, लिहायला घेतलं. उघडतंचचं झालं 'मे ऑकेजनली ओपन'. बदललंच पाहिजेचं झालं 'शुड प्रॉबेबली बी रिप्लेस्ड'. बंदचपाशी ती थोडी थांबली. नुसतं 'शुड रिमेन ऑफ' लिहून तिने पेन उचललं होतं. पण मधली जागा तिला बोडकी वाटली. तिने तिथे 'आयडियली' घातलं. चालू करायचीच नाही हे वाक्य तिने गाळलं, कारण एकच गोष्ट दोनदा लिहिणं हा तिच्या लेखी गावंढळपणा होता. पाटीचं लिहिलं. मॅनेजरने न वाचता सही केली.

पत्र बुधवारी पोचलं. इमारतीच्या सुपरवायझरला लोक दोन दिवस जिन्यावरून शिव्या घालत होते. त्याने पत्र वाचलं. दार क्वचित उघडू शकतं. लॉक बहुधा बदलावं. लिफ्ट शक्यतो बंद ठेवलेली बरी. त्याने पाटी काढली, बटण चालू केलं आणि लॉकचं नंतर बघू म्हणत पत्र फायलीत लावलं.

गुरुवारी दुपारी तिथली सफाईवाली बाई बादल्यांची ट्रॉली ओढत तिसऱ्या मजल्यावर लिफ्टपाशी आली. ट्रॉली जड, म्हणून ती नेहमी पाठमोरी आत शिरायची. तिने मागे हात करून दार ओढलं, ते उघडलं, आणि तिने मागे पाऊल टाकलं. केबिन पहिल्या मजल्यावर होती. ती केबिनच्या छतावर पडली, ट्रॉली तिच्या मागोमाग. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, कंबरेचं एका ठिकाणी. वाचली.

शुक्रवारी कंपनीने दिराला घरी बसवलं. पत्रात एवढं सौम्य लिहिलंय, त्याअर्थी मेकॅनिकनेच धोका नीट सांगितला नाही, असं मॅनेजरचं म्हणणं. त्या संध्याकाळी दीर मास्तरणीच्या खोलीच्या दारात उभा राहिला. हातात पत्राची प्रत होती. सुपरवायझरने ती त्याच्या तोंडावर फेकली होती. चपलाही काढल्या नव्हत्या त्याने.

"वहिनी, आयडियली म्हणजे काय?"

मास्तरीण कपड्यांच्या घड्या घालत होती. "म्हणजे... आदर्श परिस्थितीत."

"मराठीत सांगा."

"शक्य असेल तर."

"मी शक्य असेल तर लिहिलं होतं?"

"इंग्रजीत असंच लिहितात, भाऊजी. ती पद्धत असते. थेट बोलणं उद्धट दिसतं."

"एक बाई खाली पडली, वहिनी. उद्धट बोलला असतात तर पडली नसती."

"सुपरवायझरने चालू केली, मी नाही. आणि तुमच्या प्रत्येक वाक्यात च असतो. त्यातला खरा कुठला आणि खोटा कुठला हे मी कसं ओळखायचं?"

दीर तिच्याकडे बघत राहिला. या वेळी खांद्याकडे नाही, सरळ डोळ्यांत. "गॅलरीचा राग काढलात तुम्ही," तो म्हणाला आणि गेला.

तिला तडक मागे जाऊन सांगावंसं वाटलं की हे साफ खोटं आहे. पण ती घड्या घालत राहिली. नवरा म्हणाला, "तो रागात आहे, जाऊ दे." ती म्हणाली, "तुम्ही तुमचा पेपर वाचा."

दुसऱ्या दिवसापासून जाऊ तिच्या बाजूने भांडं सरकवताना ते आपटून सरकवू लागली. सासूने तिच्याशी बोलणं सोडलं आणि तिच्या देखत तिच्याबद्दल बोलणं सुरू केलं. "शिकलेली माणसं," ती भिंतीला सांगायची, "शिकून काय करतात बघ."

सोमवारी मॅनेजरने मास्तरणीला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"परवा चौकशी आहे. सरकारी अधिकारी येणार. ती चिठ्ठी कुठे आहे?"

"फायलीत."

"फायलीत नाही. मी बघितलं."

ती तिच्या ड्रॉवरमध्ये होती. शुक्रवारीच तिने ती काढून ठेवली होती, आणि का काढली हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं. "मग मला माहीत नाही," ती म्हणाली.

मॅनेजर खुर्चीत मागे रेलला. "उत्तम. नसेल तर नसेल. तुम्ही एवढंच सांगायचं की मेकॅनिकने तोंडी सांगितलं, आणि दार कधीमधी उघडतं एवढंच सांगितलं. तुमची नोकरी राहते. त्याची तशीही गेलीच आहे. घरात तुमचं फारसं सख्य नाही असं ऐकतो मी."

"कोण म्हणालं?"

"सगळं ऑफिस म्हणतं. शिवाय पत्र तुम्ही लिहिलंय, बाई. माझी फक्त सही आहे. उद्या कुणावर तरी येणारच. ते तुमच्यावर यायला हवंय का?"

मऊ लिहायला तुम्हीच शिकवलंत, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण ते अर्धंच खरं होतं. त्या पत्रात मॅनेजरने एक अक्षर बदललं नव्हतं. आयडियली तिने स्वतःच्या हाताने घातलं होतं, जागा बोडकी दिसते म्हणून. आणि गॅलरी? तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. चार च बघून तिला जे वाटलं होतं ते काही व्याकरण नव्हतं.

चौकशी त्याच इमारतीत होती, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टला सील होतं, त्यामुळे सगळे जिना चढून धापा टाकत आले. अधिकारी बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि सर्दीने बेजार. एका बाजूला सुपरवायझर, दुसऱ्या बाजूला मॅनेजर आणि दीर, मध्ये एक खुर्ची सोडून. भिंतीपाशी सफाईवालीची बहीण उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि तिने विचारलंही नव्हतं.

सुपरवायझरने पत्र पुढे केलं. "यात कुठे लिहिलंय की लिफ्ट चालू करू नका? शुड आयडियली. आम्हाला वाटलं, सल्ला आहे."

"मी बंदच म्हणून लिहून दिलं होतं," दीर म्हणाला.

"कुठे आहे ते?" मॅनेजरने विचारलं. "आता सगळेच म्हणतील, मी ठासून सांगितलं होतं."

अधिकारी बाईंनी नाक पुसलं आणि मास्तरणीकडे वळल्या. "पत्र तुमचं?"

"हो."

"मग तुमचंच वाक्य मला मराठीत सांगा. ही बहीण इथे उभी आहे, तिला कळेल असं. शब्दाला शब्द."

मास्तरणीने कागद हातात घेतला. सुरुवातीला तिने पळवाट शोधली. "शुड म्हणजे... पाहिजे," ती म्हणाली. "म्हणजे लिफ्ट बंद ठेवली पाहिजे, असंच होतं त्यात."

"आणि पुढचा शब्द? तो सुटला."

मॅनेजर पेनाचं टोपण उघडत-मिटत होता.

"आयडियली," मास्तरीण म्हणाली. "शुडच्या शेजारी आयडियली बसलं की पाहिजे राहत नाही. बरं होईल, एवढंच उरतं."

"मग संपूर्ण सांगा."

"तिसऱ्या मजल्याचं दार कधीतरी उघडण्याची शक्यता आहे. लॉक बहुतेक बदलावं लागेल. शक्य झाल्यास लिफ्ट बंद ठेवली तर बरं होईल."

"असं?" भिंतीपाशी उभी असलेली बहीण म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने. "बरं होईल?"

मास्तरणीने पर्समधून चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. "आणि मला हे लिहून दिलं होतं. उघडतंच. बदललंच पाहिजे. बंदच. चालू करायचीच नाही. हे मी बदललं. चालू करायचीच नाही, हे तर मी पत्रात घेतलंच नाही."

"कुणी सांगितलं बदलायला?"

"मऊ लिहायचं हे यांनी शिकवलं," तिने मॅनेजरकडे न बघता सांगितलं. "ही चिठ्ठी नाही म्हणून सांगा, हेही परवा यांनीच सांगितलं. पण हे पत्र मीच मऊ केलं. कुणी सांगितलं नव्हतं."

मॅनेजर उठून उभा राहिला. "घरची माणसं आहेत ही, मॅडम. दीर-भावजय. संगनमत आहे."

"बसा," अधिकारी बाई म्हणाल्या. "गेला अर्धा तास यांनी एकमेकांकडे ढुंकून पाहिलेलं नाही. संगनमत असं असतं का?"

निकाल यायला पाच आठवडे लागले. दीर कामावर परत गेला. मॅनेजरची बदली झाली. कुठे ते ऑफिसात प्रत्येक जण वेगळं सांगे. सुपरवायझरवर खटला उभा राहिला. मास्तरणीला चौकशीच्या दुसऱ्याच दिवशी टेबल रिकामं करायला सांगितलं होतं. लाल पेनं तिने तिथेच सोडली.

चौकशीच्या दिवशी तिथून उतरताना जिन्यात दीर तिच्या दोन पायऱ्या पुढे होता. वळणावर तो थांबला.

"चिठ्ठी तुमच्याकडे होती. मी पाच दिवस घरी बसलो, आईच्या डोळ्यांदेखत. तेव्हा का नाही दिलीत?"

"आज दिली ना," ती म्हणाली.

"मग पाया पडू?" तो म्हणाला आणि भराभर उतरून गेला. घरी गॅलरी त्याचीच राहिली. ती मागायचं मास्तरणीच्या मनातही आलं नाही.

दोन महिन्यांनी एका सकाळी दार वाजलं. जावेने उघडलं, आणि आत येऊन कुणाशीच न बोलल्यासारखं सांगितलं, "ती आलीय. पडलेल्या बाईची बहीण."

बहीण आत आली आणि उभीच राहिली. हातात हॉस्पिटलचे कागद होते. "कंपनीला आणि इमारतीच्या मालकाला पत्र द्यायचंय. इंग्रजीत दिलं तरच घेतात म्हणे. तुम्ही लिहून द्या."

"मी?"

"मग काय, दुसरीकडे भीक मागू? तेव्हा लिहायला आलं, तर आताही येईल."

मास्तरणीने टेबल भिंतीपासून ओढलं आणि कागद घेतला. बहिणीची मागणी एकच होती: ताईला बसून करायचं काम मिळालं पाहिजे, त्याच इमारतीत, कारण तिला उभं राहून जमणार नाही. मास्तरणीने 'मस्ट बी गिव्हन' लिहिलं, वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. बहिणीने मान हलवली. पुढचं वाक्य आलं.

"लिहा, ती पुन्हा कधीच चालणार नाही."

मास्तरणीने हॉस्पिटलचे कागद उलटून बघितले. "डॉक्टरांनी असं लिहिलेलं नाही. कदाचित नीट चालता येणार नाही, असं आहे."

"झालं सुरू," बहीण म्हणाली. "परत कदाचित. तुम्हाला सरळ लिहिताच येत नाही का? हात झडतो?"

"'विल नेव्हर' लिहिलं आणि उद्या ती काठी घेऊन चार पावलं चालली, तर सगळं पत्र खोटं म्हणून फाडतील."

"फाडू देत."

"मग बसून करायचं कामही त्यात फाटेल."

बहिणीने हॉस्पिटलचे कागद स्वतःकडे ओढले. "आणि नुसतं कदाचित लिहिलं तर म्हणतील, बरी होईल की. मग?"

तिचं बरोबर होतं. मास्तरीण पेन हातात धरून बसली. नुसतं 'मे नेव्हर' अर्धमेलं होतं. 'विल नेव्हर' खोटं होतं. हा खेळ तिला कधीकाळी फार आवडायचा. आता एकेक शब्द ठेवताना तिला त्या बाईचं मागे पडणारं पाऊल दिसत होतं. तिने लिहिलं, 'मे वेल नेव्हर वॉक अनएडेड अगेन'.

"काय झालं याचं?"

"आधाराशिवाय ती पुन्हा कधीच चालू शकणार नाही, अशी दाट शक्यता आहे. डॉक्टर म्हणतात त्यापेक्षा कमी नाही, जास्त नाही."

"दाट कुठल्या शब्दात आहे?"

मास्तरणीने 'वेल'वर बोट ठेवलं. बहिणीने त्या चार इंग्रजी अक्षरांकडे डोळे बारीक करून बघितलं, कुणी आपल्या हातात खोटं नाणं ठेवलं असावं तसं.

"मी हे दुसऱ्याकडून वाचून घेणार आहे," ती म्हणाली. "दोघांकडून."

"घ्या."

"काही मऊ निघालं तर परत येईन."

"या," मास्तरीण म्हणाली आणि कागद तिच्यापुढे धरला. बहिणीने तो घेतला, घडी न घालता हॉस्पिटलच्या कागदांवर ठेवला, आणि पाणी विचारायच्या आत दार उघडून निघून गेली. गॅलरीत दिराने पट्टी कापायला घेतली होती. करवतीचा आवाज खोलीभर येत होता. मास्तरणीने त्याला थांबायला सांगितलं नाही, आणि टेबलही परत भिंतीला टेकवलं नाही.